दगडी पुलावर चारशे कट्टे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून ठेवतो. मागून कुणी म्हणायला नको की मकसूदनं लपवलं. आमच्या घरची, सालेहा, म्हणते की तुमच्या टाळक्यावर भगुनं ठेवलं तर चार घरचा चहा होईल. हाव, होईल. पण दगडी पुलाच्या तपासणीत जो घोळ झाला तो रागामुळं न्हाई, माझ्या तोंडामुळं झाला. म्हणजे तोंड उघडलं न्हाई म्हणून झाला. सांगतो.

मी लातूरच्या मोंढ्यातला मुकादम. एक नंबर टोळी माझी, अठरा हमाल. मोंढ्याच्या मागं एक खोल चर हाय. एका काठाला डाळ मिली, दुसऱ्या काठाला गोदामं. त्या चरातून आज्याच्या जमान्यात छोटी गाडी जायची, बार्शीच्या अंगाला. लई हळू जायची म्हणतात. मुतायला उतरलेला माणूस पळत जाऊन परत चढायचा. गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, आता खाली शेरडं चरतात. वरचा पूल मात्र तसाच हाय. काळा दगड, चुन्याची जोड अन् एकच कमान. रुंदीला म्हणाल तर एक हातगाडा जातो अन् बाजूनं एक म्हैस, ती पण तिची मर्जी असली तर.

चैत्रात त्या पुलावर पाटी लागली. 'पूल धोकादायक. पाडणे प्रस्तावित.' मी वाचली अन् पाटीला लाथ घातली. पाटी लोखंडी होती. तीन दिवस लंगडलो.

तुम्ही म्हणाल, गाडीच न्हाई तर पूल पाडला म्हणून काय बिघडलं? अहो, मिलीतून गोदामात माल नेतो तो आम्ही याच पुलावरून. दुसरा रस्ता उड्डाणपुलाचा. त्याचा चढ असा की रिकामा हातगाडा नेला तरी छातीचा भाता होतो, अन् वर पोलीस उभा, हातगाड्याला बंदी. दोन्ही टोळ्यांचे मिळून बावीस गाडे हायेत. पूल गेला की बावीसच्या बावीस गाडे उकिरड्यावर, अन् त्यांच्यामागं आम्ही. मिलवाले काय, दुसऱ्या दिवशी टेम्पो लावतील. साठीला टेकलेल्या हमालाला कोण विचारतं?

मग एक दिवस सरकारी हापिसाकडून एक पोरगी आली. लुंबिनी नाव, नांदेडची, नवीनच इंजिनिअर झालेली. डोक्याला पिवळी टोपी, खांद्याला बॅग. मी तिला पण चार शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले अन् म्हणाली, "चाचा, मी पाडायला नाही, तपासायला आले. पुलावर वजन ठेवायचं, खाली कमान किती दबते ते मोजायचं. पास झाला तर पाटी मी स्वतः काढीन."

"मग ठेव की वजन."

"तेच तर अडलंय. वाळूची पोती लागतात. अन् वाळू मिळत नाही. लिलाव बंद आहेत."

मला हसूच आलं. आमच्याकडं वाळू मिळत न्हाई ते माहीत होतं, सरकारला पण मिळत न्हाई ते नवीन कळलं. म्हणलं, "बाई, वाळू कशाला पाहिजे? शंभर पावलांवर चन्नबसप्पा शेटचं गोदाम हाय. हरभऱ्यानं गच्च भरलेलं. पन्नास किलोचा कट्टा, काट्यावर तोललेला, शिवलेला. तुझ्या वाळूपेक्षा नेमका."

पोरगी एकदम खूश. शेट पण तयार झाला. पूल गेला असता तर त्याचंच गोदाम आडबाजूला पडलं असतं. ठरलं मग, रविवारी. मोंढा बंद, दोन्ही टोळ्या मोकळ्या.

आता दुसऱ्या टोळीचं सांगतो. दोन नंबरचा मुकादम बसलिंगप्पा. उंच, कपाळाला भस्म, आवाज असा की गोदामात बोलला तर मिलीत ऐकू यावा. त्याच्याशी मी अकरा वर्षं बोलत न्हवतो. तो पण न्हाई. पण काम तर रोजचं, बोलल्याशिवाय कसं चालंल? म्हणून मधे पारूबाई. पुलाच्या तोंडाशी तिचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे एक पत्रा अन् दोन बाकडी. मी एका बाकड्यावर, तो दुसऱ्यावर, मधे हातभर अंतर, अन् मी म्हणणार, "पारूबाई, सांगा त्याला, त्याच्या गाड्याचं चाक निखळून राहिलं." तो म्हणणार, "पारूबाई, सांगा त्याला, चाक माझं हाय." पारूबाई दोघांना शिव्या घालणार, अन् चहा ओतणार.

अन् मोंढ्याचा एक कायदा हाय, तो पण ऐकून ठेवा. एका थप्पीला एकच टोळी. मी रचायला घेतलेल्या थप्पीला दुसऱ्या टोळीचा हात लागत न्हाई. रचणी प्रत्येकाची वेगळी असते. दोन हात लागले की थप्पी कलते, अन् कलली की नाव कुणाचं घ्यायचं? म्हणून मुकादमाला आकडा सांगितला की तो आकडा त्याच्या टोळीचा. त्यात वाटेकरी नसतो. बापाच्या आधीपासून असंच चालत आलंय.

रविवारी सकाळी लुंबिनीनं खाली, कमानीच्या पोटाला, एक चकती लावली. घड्याळासारखी, आत काटा, बारीक बारीक घरं आखलेली. मला खाली नेऊन समजावलं. "चाचा, माझ्या हिशोबानं काटा सात घरं सरकेल. दहापर्यंत चालेल. त्याच्या पुढं गेला तर मला 'पाडा' असंच लिहावं लागेल. आणि वजन काढल्यावर काटा परत शून्यावर यायला हवा."

मग वर येऊन तिनं खडूनं दोन लांबट चौकोन आखले, एक इकडं, एक तिकडं. म्हणाली, "चारशे कट्टे टाकायचे, या दोन चौकोनांत. वीस टन होतात." अन् गेली परत खाली, चकतीजवळ बसायला.

मी म्हणलं, चारशे? ते तर माझी टोळी न्याहारीच्या आधी टाकते. ओरडलो, "पारूबाई, सांगा त्याला, तिकडच्या चौकोनात त्याची थप्पी, इकडच्यात माझी. चारशे."

पारूबाईनं वळून सांगितलं, "चारशे म्हणतो रे."

"ऐकलं," बसलिंगप्पा म्हणाला.

झालं. सुरू केलं. इकडून माझे अठरा, तिकडून त्याचे अठरा. कुणी कुणाकडं बघत न्हाई असं दाखवायचं अन् सगळे एकमेकांकडंच बघत होते. त्याचा गडी पळायला लागला की माझा पण पळायला लागायचा. ऊन चढलं, पाठीवर घामाचे ओघळ, पण थप्पी अशी उठली की ओळंबा लावून बघा. कट्टे मोजायला हापिसातून व्यंकटराव नावाचा कारकून दिला होता, कंधारचा. तो सावलीला पारूबाईच्या बाकड्यावर वही घेऊन बसला अन् चार कप चहा प्याला. दुपारी मी त्याला जाऊन म्हणलं, "लिहा, चारशे झाले." तो म्हणाला, "लिहिलंय आधीच." मी म्हणलं, वा, माणूस जागा हाय तर.

शेरडं हरभऱ्याला तोंड लावतील म्हणून दोन्ही थप्प्यांवर ताडपत्री टाकली. लुंबिनी वर आली, मान वर करून बघत राहिली. "चाचा, एवढी उंच होईल असं वाटलं नव्हतं."

मी मिशीवर हात फिरवला. "आमची थप्पी ताठ असते बाई. म्हणून उंच दिसते."

आता तुम्ही हसून राहिले असाल. हसा. मी पण आता हसतो.

तीन वाजता ती खालून आली. टोपी काढून बाकड्यावर बसली. पारूबाईनं चहा दिला तो हातातच राहिला.

"चाचा, काटा चौदावर आहे. तासभर झाला, तिथंच आहे."

"चौदा? दहाच्या पुढं?"

"माझ्या हिशोबाच्या बरोब्बर दुप्पट. आतला चुना गेला असणार. मला वाटलं होतं हा पूल..." तिनं कप खाली ठेवला. "मला खोटं लिहिता येणार नाही हो."

काय सांगू तुम्हाला. पायाखालची वाळू सरकली म्हणतात, इथं तर वाळू मिळतच न्हवती तरी सरकली. माझी टोळी कट्ट्यांना टेकून बसलेली. कुणी तंबाखू पण मळंना. पलीकडं बसलिंगप्पाची टोळी तशीच. पोरगी उठली, म्हणाली शेवटचं एकदा बघते, मग उतरवून घ्या, अन् उतरली खाली.

मला राग आला. आधी चुन्याचा आला, मग छोट्या गाडीचा, मग व्यंकटरावाचा; तो बिस्कूट बुडवून खाऊन राहिला होता. त्याच्यावर खेकसलो, "काय लिहिलंय वहीत, दाखवा!" त्यानं दाखवलं. कट्टे: चारशे.

"हे कुणी सांगितलं?"

"आधी पलीकडून एक गडी सांगून गेला, चारशे झाले. मग तुम्ही येऊन सांगितलं, चारशे झाले. म्हटलं, जुळलं."

जुळलं! माझ्या डोक्यात तो 'दुप्पट' शब्द माशीसारखा फिरत होता, तो एकदम बसला. मी माझ्या थप्पीकडं बघितलं. मग त्याच्या थप्पीकडं. दोन्ही सारख्या. माझ्यात चारशे. मग तो गडी सांगून गेला ते चारशे त्यांचे एकट्याचे होते का? एकच माणूस सांगू शकत होता.

"पारूबाई," मी म्हणलं, "विचारा त्याला, त्यानं किती टाकले."

पारूबाईनं गाळणी आपटली. "न्हाई विचारत जा! अकरा वर्षं तुमचे निरोप वाहून माझी जीभ झिजली. देवानं तुला तोंड दिलंय ना, मोंढाभर वाजवतोस ना? मग वाजव तिथं पण."

जावं लागलं. पूल लहान हाय हो, चाळीस पावलं. पण मला ती चाळीस पावलं सरता सरंनात. अकरा वर्षांपूर्वी गोदामात एक थप्पी कलली होती. माझीच होती. कट्टे घसरले, अन् बसलिंगप्पा, जो दारात उभा होता, तो ओरडत बाहेर पळाला. रस्त्यावर जाऊन थरथरत उभा राहिला. मी सगळ्या मोंढ्यासमोर म्हणालो, "अरे बघा, एवढा पैलवान अन् भित्रा ससा!" लोक हसले. तो किल्लारीचा. भूकंपात घराचं दगडी माळवद पहाटे अंगावर आलं तेव्हा तो वाचला, आई अन् धाकटी बहीण न्हाई वाचल्या. मला माहीत होतं. माहीत असून बोललो. तेव्हापासून त्यानं माझं तोंड बघितलं न्हाई, अन् मी लाजेनं त्याचं. भांडण म्हणून सांगत फिरलो, पण भांडण कसलं, माझी चूक होती.

तो कट्ट्यावर बसला होता. मला बघून उभा राहिला. दोन्ही टोळ्या माना वळवून बघायला लागल्या.

मी म्हणलं, "बसलिंगप्पा, त्या दिवशी मी बोललो ते लई वाईट बोललो. हलकटपणा केला मी. अकरा वर्षं मला ते गिळता आलं न्हाई. माफ कर."

तो माझ्याकडं बघत राहिला.

"अन् आता एक सांग. तुझ्या थप्पीत किती?"

"चारशे," तो म्हणाला. "तूच निरोप दिला की."

"माझ्या पण चारशे."

क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याचे डोळे असे मोठे झाले.

"आठशे? अन् ती पोरगी कुठं हाय?"

"खाली."

एवढंच म्हणालो अन् तो पळाला. पण या वेळी बाहेरच्या अंगाला न्हाई. उतारावरून घसरत, धोतर सावरत, सरळ कमानीखाली. त्या माणसाला कमानीखाली गेलेलं मोंढ्यात कुणी बघितलं न्हवतं. पोरांचा चेंडू गेला तरी तो काठीनं ओढून काढायचा. मी मागं पळालो, धापा टाकत.

पोहोचलो तर बसलिंगप्पानं लुंबिनीचा हात धरलेला, अन् ती म्हणून राहिली, "आप्पा, थांबा, चकतीला धक्का लागेल!"

"पोरी, वर आठशे हायेत! चारशे न्हाई, आठशे! चल बाहेर!"

ती आधी पांढरी पडली. मग तिनं काट्याकडं बघितलं. मग पेन काढून तळहातावरच हिशोब मांडला. ओठ हलत होते.

"चाळीस टन," ती म्हणाली. "चाळीस टनाला चौदा. म्हणजे वीसला... सात." तिनं आमच्याकडं बघितलं. "चाचा, सात! पूल अगदी ठणठणीत आहे! तुम्ही दुप्पट घातलं अन् त्यानं दुप्पट पेललं!" अन् ती हसायला लागली, डोळ्यातून पाणी. मला पण रडू आलं, लपवत न्हाई. बसलिंगप्पा तेवढा अजून वर बघत होता, दगडांकडं.

"पण अजून झालं नाही," तिनं डोळे पुसले. "काटा शून्यावर यायला हवा. आणि आता मन मानेल तसं उतरवायचं नाही. इकडचा एक कट्टा, तिकडचा एक. एका बाजूचं वजन आधी गेलं तर कमान कलेल. मी वर उभी राहून उतरवून घेते. इथं काटा वाचायला कोणी तरी हवं, मोठ्या आवाजाचं."

मी तोंड उघडलं, पण बसलिंगप्पा आधी बोलला.

"मी वाचतो. तू जा वर."

ती म्हणाली, "आप्पा, काटा पुढं सरकला तर ओरडून लगेच बाहेर या."

"जा म्हणलं ना."

मी त्याच्याकडं बघितलं. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, हात थरथरत होते. मी म्हणलं, "मी थांबू का?"

"तू वर जा. तुझ्या टोळीला मोजता येत न्हाई," तो म्हणाला. अकरा वर्षांत मला थेट ऐकवलेली पहिली शिवी. लई बरं वाटलं.

मग उतरवायला घेतलं. छत्तीस माणसं, दोन रांगा. लुंबिनी मधे उभी, हात वर. हात इकडं पडला की माझा गडी उचलणार, तिकडं पडला की त्याचा. कुणी घाई केली की ती अशी डाफरायची की मला माझीच लेक वाटली. अन् खालून दर थोड्या वेळानं आवाज यायचा, अख्ख्या चरात घुमायचा.

"तेरा!"

आम्ही वर ओरडायचो, "तेरा!"

"बारा!"

मिलीतली माणसं येऊन काठावर उभी राहिली. पारूबाईनं हॉटेल सोडलं. व्यंकटराव या वेळी उन्हात उभा राहून एकेक कट्टा लिहून घेत होता, कुणी सांगायची वाट न बघता. दहा झाले, आठ झाले. सात आला तेव्हा पोरगी उडीच मारणार होती, पण हात वर होता म्हणून राहिली. पाच. तीन. दिवस मावळायला टेकला तेव्हा शेवटचे दोन कट्टे गेले. पूल मोकळा झाला.

"एक!" खालून आवाज आला.

अन् मग काहीच न्हाई.

आम्ही वाट बघितली. लुंबिनी कठड्यावरून वाकली. "आप्पा?"

"एकवरच हाय."

माझा एक गडी पुलावर उभा होता त्याला मी ढकलूनच बाहेर काढलं, म्हणलं न जाणो. पोरगी हळूच म्हणाली, "दगड आहे. सावकाश येतो परत. थांबू या." कठडा मात्र तिनं गच्च धरलेला. मी मनात दुवा मागत होतो. शेजारी बसलिंगप्पाचा गडी शिवाचं नाव घेत होता. बावीस गाडे काठाला उभे होते, एका रांगेत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"शून्य!"

अहो, असा गलका झाला की शेरडं चौखूर उधळली. माझ्या पोरांनी त्याच्या पोरांना उचललं, त्याच्या पोरांनी माझ्यांना. लुंबिनी तरातरा गेली अन् पाटी हलवायला लागली. हलंना, मग दहा हमालांनी उपटली. पारूबाई म्हणाली, आज चहा फुकट, पण कपबशी फोडली तर बघा. व्यंकटरावानं वहीत शेवटची ओळ लिहून खाली रेघ मारली.

सगळे वर, अन् बसलिंगप्पा येईना. मी कठड्यावरून वाकून हाक मारली, "आप्पा! झालं की! ये वर, चहा ओतलाय!"

उतारावरून जमेल तसा खाली गेलो. बघतो तर तो कमानीखाली मातीत मांडी घालून बसलेला. पाठ दगडाला टेकवलेली. एक हात वर करून दगडावर ठेवलेला, हळू फिरवून राहिला होता. डोळे ओले होते, पण हात थरथरत न्हवते.

"चल की," मी म्हणलं.

"येतो. घाई काय हाय?" तो म्हणाला. "इथं लई गार हाय."

मग मी पण त्याच्या शेजारी बसलो. वरून बावीस गाडे एकामागं एक खडखडत गेले. त्यानं एकदाही वर बघितलं न्हाई.